ठोकळा नंबर चारशे सतरा

धम्मदीपानं कोनाडा रिकामा केला. रेशनकार्ड, शेताचा सातबारा, बाबांची डाकखात्यातली जुनी कागदं, जातीचे दाखले, तिची स्वतःची दहावीपासूनची गुणपत्रकं आणि आता कुणाच्याच कामाची नसलेली विजेची बिलं. सगळं जमिनीवर पसरलं. मग कोनाड्याच्या मागच्या भिंतीपर्यंत हात घालून चाचपलं. बोटांना चुना लागला, बाकी काही नाही. औषधाच्या दुकानातलं लहानसं खाकी पाकीट तिथं नव्हतं.

"माय, इथी एक खाकी पाकीट होतं."

विमलबाई उंबऱ्यात बसून तूर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कोनतं?"

"लहानसं. आत मेणाचा ठोकळा होता. एवढासा." धम्मदीपानं अंगठ्याच्या पेरावर बोट ठेवून दाखवलं.

"ते होय? बेबीताईनं पाठोलं असन म्हटलं ते. काल वितळोलं ना सारं. ते पाय, कोपऱ्यात उभी केली. यंदा किती सरळ निंगाली."

कोपऱ्यात वर्तमानपत्रावर हातभर उंचीची पांढरी मेणबत्ती उभी होती. मनगटाएवढी जाड, वरून कापलेली सुताची वात. खरंच सरळ निघाली होती.

धम्मदीपा कागद गोळा करू लागली. सातबाऱ्याची घडी तिनं दोनदा केली, दोन्ही वेळा चुकली.

"काहून? कामाचं होतं काय?" विमलबाईंनी आता वर पाहिलं.

"नाही. असंच इचारलं."

बाहेर बाजेवर बसलेल्या इंद्रभानजींनी तेवढ्यात मोठ्यानं खाकरून घसा साफ केला आणि चहा मागितला. विमलबाई सूप बाजूला ठेवून उठल्या.

रिठदच्या विहारात आषाढ पौर्णिमेला वर्षावास बसतो. तेव्हापासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे तीन महिने, रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी एक मोठी मेणबत्ती लावतात आणि ती विकतची चालत नाही. तसा नियम कुणी केलेला नाही. विमलबाईंनी बावीस वर्षांपूर्वी एकदा घरी केली आणि पुढं तोच नियम झाला, गावातले बरेचसे नियम होतात तसा. वर्षभर घरोघरी वंदनेच्या मेणबत्त्यांची थोटकं उरतात. बायका ती कागदात, फाटक्या पाकिटात, कधी तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पन्नीत बांधून विमलबाईंकडे पाठवतात. त्या ती कोनाड्यात टाकून ठेवतात. पेरणी आटोपली की एक दिवस सगळी पातेल्यात वितळवायची, लुगड्याच्या फडक्यातून गाळायची आणि पाण्याच्या पाइपाच्या तुकड्यात ओतायची. फडक्यात जळक्या वाती, आगकाड्या, मेलेल्या मुंग्या राहतात. ते सगळं उकिरड्यावर जातं.

चूक विमलबाईंची नव्हती, हे धम्मदीपाला लगेच कळलं. चूक तिची होती. ती रिसोडकडच्या एका आरोग्य केंद्रात प्रयोगशाळेचं काम करते आणि बहुतेक दिवस तिकडंच राहते. रोज काचपट्टीवर लोकांचं रक्त आणि थुंकी तपासते. मेणाच्या त्या ठोकळ्यात काय आहे, हे या घरात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यात तिच्या बापाच्या गळ्यातल्या गाठीचा तुकडा होता. गाठीचा तुकडा काढला की तो मेणात बसवून ठोकळा करतात, म्हणजे वर्षानुवर्षं टिकतो. हल्ली त्याला प्लास्टिकची डबी असते. ज्या लहान लॅबनं हा केला ती मात्र अजून जुन्या वळणाची होती. नुसतं मेण आणि त्यात बसवलेली कागदाची बारीक चिठ्ठी, तिच्यावर पेन्सिलनं नंबर. चारशे सतरा. मे महिन्यात तो घरी आणला तेव्हा धम्मदीपानं तो नंबर बाबांना दाखवला होता.

"बाबा, हा तुमचा नंबर. मुंबईले हाच जाईन."

"म्हंजे मी मेणात बसलो," इंद्रभानजी म्हणाले होते आणि हसले होते.

टिनाखाली सगळं घर तापत होतं. जाड मातीच्या भिंतीतला कोनाडा तेवढा गार, म्हणून तिनं पाकीट तिथं ठेवलं. मायला सांगितलं नाही. नवऱ्याच्या गळ्यातला तुकडा घरात आहे हे कळलं असतं, तर विमलबाई त्या खोलीत झोपल्या नसत्या. त्यांचं मन दुखू नये म्हणून धम्मदीपा गप्प राहिली. एवढ्या शहाणपणाची किंमत काय, ते आता कोपऱ्यात उभं होतं.

मुंबईची परवानगी आली होती आणि पाठवायला ठोकळाच नव्हता. दुसरा तुकडा मिळणार नव्हता. पहिला काढताना भूल दिली आणि इंद्रभानजींचं हृदय दीड मिनिट थांबलं. तीन दिवस अतिदक्षता विभागात काढून ते परत आले, तेव्हा केसपेपरवर लाल शाईनं लिहिलेलं होतं की पुन्हा भूल देऊ नये. म्हणजे ऑपरेशनही बाद. उरला तो फक्त शेक, यंत्रातून किरणं देतात तो. पस्तीस वेळा, सात आठवडे, अकोल्याला राहून.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाई वयानं धम्मदीपाएवढ्याच होत्या. त्यांनी काही लपवलं नव्हतं.

"शेक आम्ही सगळ्यांना सारखाच देतो, बाबा. काहींची गाठ विरघळते, काहींची ढिम्म हलत नाही. कुणाची कोणती, हे आधी कळत नाही, हीच पंचाईत आहे. पण गाठीच्या पेशींमध्ये काही खुणा असतात. त्या तपासून आता थोडा अंदाज बांधता येतो. मुंबईला एक अभ्यास चालू आहे, त्यात तुमचा ठोकळा घेतील. पैसे लागणार नाहीत. फक्त त्यांची परवानगी यायला महिनाभर जाईल."

"शेक घेतला नाही तं आवाज कवरोक राहीन?" इंद्रभानजींनी विचारलं.

"दिवाळीपर्यंत राहील कदाचित. पुढचं सांगता येत नाही."

"अन् घेतला तं?"

"शेक चालू असताना जाईल. गाठ विरघळली तर हळूहळू परत येईल."

इंद्रभानजींनी बोटांवर महिने मोजले. आषाढ, श्रावण, भादवा, अश्विन. दिवाळी त्यानंतर.

"मंग असं करा, बाई. ते मुंबईचं येऊ द्या. मशीन लागू पडते म्हनत असन तं येतो, काई म्हननं नाही. नसन पडत तं माये तीन महिने कायले जाळता? मले वाचू द्या."

बावीस वर्षं रिठदमध्ये ग्रंथ त्यांनीच वाचला होता. त्याआधीची तीस वर्षं ते गावचे डाकवाले, आणि तेव्हाही वाचणं हेच काम. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांना पत्र द्यायचं आणि उंबऱ्यातच वाचून दाखवायचं. त्यांचा आवाज काही गोड नव्हता. पण वाचत असताना समोरच्याला वाटायचं की हे आपल्यालाच लिहिलं आहे. एवढं एकच त्यांच्याजवळ होतं आणि गाठही नेमकी तिथंच आली.

धम्मदीपा लहान असताना सायकलच्या दांडीवर बसून त्यांच्याबरोबर फिरायची. एकदा त्यांनी सोजरबाईंना सुरतहून आलेलं मुलाचं पत्र वाचून दाखवलं. दिवाळी झाली की येतो, असं त्यात होतं. धम्मदीपाला नुकतंच वाचता येऊ लागलं होतं आणि खाली वाकून तिनं ते पत्र पाहिलं होतं. वाटेत ती म्हणाली,

"बाबा, त्यात तं लिव्हलं होतं का मी आता येत नाही."

इंद्रभानजी बराच वेळ पायडल मारत राहिले.

"हो, लिव्हलं होतं. जेवढं तिले पेलवन तेवढं वाचलं."

मग थोड्या वेळानं म्हणाले, "पन एक ध्यानात ठेव. असं वाचलं का ते पाठ करा लागते. पुन्हा वाच म्हनतात लोक."

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राच्या मागच्या कडुनिंबाखाली उभं राहून धम्मदीपानं डॉक्टरीणबाईंना फोन केला. ठोकळा हरवला, एवढंच सांगितलं.

"मग तपासणी होणार नाही," बाई म्हणाल्या. "बाबांना पुन्हा भूल देण्याची जोखीम मी घेणार नाही. आता आपण आंधळेपणानंच जाणार. अशा गाठी निम्म्या विरघळतात, निम्म्या नाही. निर्णय तुम्ही घ्या. येणार असाल तर सात जुलैच्या सोमवारपासून यंत्र देता येईल, पण आधी दोनदा येऊन, शेकताना मान हलू नये म्हणून मुखवटा आणि मोजमाप करावं लागेल. चार-पाच दिवसांत कळवा."

आषाढ पौर्णिमा सात जुलैच्या त्या सोमवारनंतर तीन दिवसांनी होती.

निम्म्या. धम्मदीपा चार दिवस त्या शब्दाशी झगडत राहिली. बाबांना खरं सांगावं, तर ते पहिलं विचारणार, ठोकळा गेला कुठं. ते विचारणार आणि माय ऐकणार. पंचेचाळीस वर्षं ज्या माणसाच्या ताटात भाकर वाढली त्याच्या जगण्याचा अंदाज आपण फडक्यातून गाळून वातीला लावला, हे विमलबाईंनी कसं सहन केलं असतं? आणि समजा खरं सांगितलं आणि मायनं ते कसंबसं सोसलं, तरी बाबा म्हणणारच, मग कायले जाळता, वाचू द्या. दिवाळीपर्यंत वाचतील. पुढं काय होतं ते धम्मदीपानं काचपट्ट्यांच्या पलीकडं बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर पुष्कळदा पाहिलं होतं.

तिला बाप हवा होता. आवाज गेला तरी चालेल, ग्रंथ वाचायचा राहिला तरी चालेल. गाठ विरघळणाऱ्या निम्म्यांमध्ये आपला बाप बसला पाहिजे, असं तिला इतक्या तीव्रतेनं वाटलं की शेवटी तो बसणारच, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

पाचव्या दिवशी ती घरी आली. पावसानं उघडीप दिली होती. इंद्रभानजी अंगणात बाजेवर डोळे मिटून पडले होते आणि विमलबाई त्यांच्या पायाशी बसून पान लावत होत्या. धम्मदीपा उभ्याउभ्याच म्हणाली,

"बाबा, मुंबईचा रिपोर्ट आला. मोबाईलवर पाठोला."

"येवढ्या लवकर?"

"हो."

"वाच मंग."

तिनं मोबाईल उघडला. पडद्यावर आरोग्य केंद्राचा हजेरीचा तक्ता होता. त्याच्याकडे पाहत ती वाचू लागली. आधी दोन ओळी इंग्रजीत, मग त्याचा अर्थ. की पेशींमधल्या खुणा तपासल्या, की त्या चांगल्या निघाल्या, की या गाठीला शेक चांगला लागू पडण्याची शक्यता आहे.

इंद्रभानजींनी डोळे उघडले नाहीत. विमलबाईंचा हात मात्र पानावर थांबला होता.

"पुन्हा वाच एकडाव."

धम्मदीपानं पुन्हा वाचलं. या वेळी तोंडातून निघालं, "नक्की लागू पडेल." वाक्य बदललं, हे तिच्या लक्षात आलं. तिनं बाबांकडे पाहिलं. ते तसेच पडून होते, छातीवर हात ठेवून. त्यांना कळलं नसावं, असं तिला वाटलं.

"नंबर काय हाय त्याच्यावर?"

"चारशे सतरा."

"हं." मग म्हणाले, "मायाच हाय मंग."

विमलबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि रडता रडता हसल्या.

"म्या म्हनलं नवतं? चांगलंच होईन म्हनलं होतं ना म्या?"

"हो, म्हनलं होतं तुमी," इंद्रभानजी म्हणाले. त्यांनी आता डोळे उघडले आणि बायकोकडे नीट पाहून घेतलं. मग मुलीकडे वळून म्हणाले, "तारीख काढ. येतो."

सहा जुलैच्या रविवारी इंद्रभानजींनी आपला ग्रंथ निळ्या कापडात बांधला. टपालाच्या थैलीला मारतात तशी गाठ मारली आणि ट्रंकेवर ठेवला. धम्मरत्न त्यांना भेटायला आला होता. वाशीमच्या बँकेत शिपाई असलेला हा पोरगा यंदा त्यांच्या जागी वाचणार होता आणि त्यानंच जास्त धसका घेतला होता.

"बाबा, तुमचं पुस्तक द्या ना. त्याच्यावर तुमच्या खुणा हायत."

"विहारातलं घे. मायं तसंच राहू दे."

अकोल्यात दवाखान्यामागच्या एका खोलीत धम्मदीपा आणि इंद्रभानजी सात आठवडे राहिले. ती बिनपगारी रजेवर होती. पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्या आठवड्यात तोंडात फोड आले, गळ्याचं कातडं आधी तांबडं आणि मग काळं झालं. चौथ्यात अन्न उतरेना म्हणून नाकातून नळी घातली. त्याच आठवड्यात एका सकाळी त्यांनी पाणी मागायला तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग हातानं पाण्याची खूण केली.

त्यांनी एकदाही तक्रार केली नाही, हेच धम्मदीपाला सोसवत नव्हतं. ते कण्हले असते, रागावले असते, तर बरं वाटलं असतं. यंत्राच्या खोलीत जाताना ते तिच्या डोक्यावर हात ठेवून आत जायचे. जसा काही शेक तिलाच घ्यायचा होता.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला ते खाटेवर उठून बसायचे आणि पाटीवर एकच ओळ लिहायचे. "गावात कुठवर आलं?"

धम्मदीपा धम्मरत्नाला फोन लावायची. तो सांगेल ते ती बाबांना सांगायची. मग ते भिंतीला टेकून ओठ हलवत बसायचे, तासभर. पुस्तक लागत नव्हतं. त्यांना ते पाठ होतं.

एकदा तिनं विचारलं, "बाबा, लय दुखते काय?"

त्यांनी पाटी घेतली. मग लिहिलं, "तू जेवली का?"

पस्तीस शेक पुरे झाले. तीस सप्टेंबरला डॉक्टरीणबाईंनी नाकातून दुर्बीण घालून पाहिलं, स्कॅन पाहिला आणि धम्मदीपाला एकटीला आत बोलावलं. गाठ होती तशी होती. खाली उतरून वाढलीही होती. ही शेकाला दाद न देणाऱ्यांपैकी निघाली. काही आठवडे, बाई म्हणाल्या, आणि पुढं असंही म्हणाल्या की यात तुमचा दोष नाही.

धम्मदीपा बाहेर आली आणि जिन्यात बसली. दोष कुणाचा ते तिला चांगलं ठाऊक होतं. बापाजवळ तीन महिने होते. चांगले, आवाज असलेले तीन महिने. ते रोगानं घेतले नाहीत. ते तिनं घेतले, एक हजेरीचा तक्ता वाचून दाखवून. आणि त्या बदल्यात बाप वाचलाही नाही. जिन्यातून लोक जात-येत होते. कुणी तरी तिच्या शेजारी पाण्याची बाटली ठेवून गेलं, तिनं ती उघडली नाही.

अश्विन पौर्णिमेला सकाळीच धम्मरत्न घरी आला. तीन महिन्यांत त्याचं वाचन सुधारलं होतं, लोक आता डुलक्या घेत नव्हते. तो इंद्रभानजींच्या पायाशी बसला.

"बाबा, आज शेवटचं हाय. शेवटचं पान तुमच्या पुस्तकातलं वाचू म्हनते सारा गाव. अन् ताईनं वाचावं."

"मी नाही," धम्मदीपा लगेच म्हणाली.

इंद्रभानजींनी ट्रंकेकडे बोट दाखवलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा ट्रंकेकडे.

संध्याकाळी विहार भरला. बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या. इंद्रभानजींना खुर्चीवर बसवून आणलं होतं आणि पुढच्या भिंतीला टेकून बसवलं होतं. अंगावर शाल, नाकात नळी, गळ्याभोवती काळपट कातडं. पूर्वी ते जिथं वाचायला बसायचे तिथून चार हातांवर. मोठी मेणबत्ती आणली गेली. आषाढात ती थोडीच जळली होती. विमलबाईंनी स्वतः वात नीट केली आणि पेटवली. ती चांगली जळू लागली, धूर नाही, वाकडी ज्योत नाही. धम्मदीपानं तिकडं पाहायचं टाळलं.

ती पाटापुढे बसली आणि निळं कापड सोडायला घेतलं. गाठ घट्ट होती. सात जुलैच्या आदल्या दिवशी बाबांनी मारली तेव्हापासून ती कुणी सोडली नव्हती. नखांनी सोडवावी लागली.

पुस्तक तिनं मधोमध धरलं होतं, पण ते पहिल्या पानावर उघडलं. तिथं काही तरी होतं. बोटाच्या रुंदीची एक कागदी चिठ्ठी, मेण पिऊन ताठ झालेली. तिच्याभोवती पानावर तेलकट डाग पडला होता आणि त्या डागातून मागच्या पानाची अक्षरं दिसत होती. चिठ्ठीवर पेन्सिलनं लिहिलेलं होतं. चारशे सतरा.

धम्मदीपाला आधी वाटलं की आपण चुकीचं वाचलं. तिनं चिठ्ठी उचलून उजेडाकडे धरली. एका कडेला जळक्या वातीची काजळी होती.

विमलबाईंनी मेण गाळलं ते ती पाकीट शोधायला आली त्याच्या आदल्या दिवशी. फडकं उकिरड्यावर झटकलं गेलं तेही त्याच दिवशी. अंगणात बाजेवर बाबा बसलेले असतील. फडक्यातून पडलेलं त्यांनी पाहिलं असेल. नंबर ओळखला असेल. उठून, चिठ्ठी उचलून, बायकोला एक अक्षर न बोलता आत येऊन ती पुस्तकात ठेवली असेल, पहिल्या पानावर, जिथून त्यांना वाचायला सुरुवात करायची होती. कोनाडा रिकामा करताना ती आत बोलत होती तेव्हा ते बाहेर खाकरले होते. चहा मागितला होता.

आणि मग पाच दिवसांनी ती मोबाईल घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. नंबर विचारला. आणि ठोकळा वितळला हे ठाऊक असूनही येतो म्हणाले.

लोक वाट पाहत होते.

"काहून थांबली व?" मागून विमलबाईंनी हळूच विचारलं. "काय हाय ते?"

"काही नाही, माय." धम्मदीपा मागं न वळता म्हणाली. "बाबानं पान दुमडू नये म्हनून ठेवलं होतं."

तिनं वर पाहिलं. इंद्रभानजी तिच्याकडेच पाहत होते. ते किती वेळापासून पाहत होते कोण जाणे. चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही दिसत नव्हतं. लहानपणी ती वाचताना अडखळली की ते जसे थांबायचे तसे थांबले होते. ती काही तरी बोलेल असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी किंचित मान हलवली, नाही म्हणून. मग शालीतून उजवा हात बाहेर काढला, दोन बोटं उचलली आणि पुढे ढकलली. पुढं. पुढं वाच.

धम्मदीपानं चिठ्ठी होती तिथंच ठेवली. पानं उलटून शेवटच्या पानावर आली. अक्षरं दिसायला थोडा वेळ गेला. मग तिनं वाचायला सुरुवात केली, जे लिहिलेलं होतं तेच, एकही शब्द न गाळता, आणि चार हातांवर भिंतीला टेकलेल्या तिच्या बापाचे ओठ तिच्याबरोबर हलत राहिले.